बटणावरचा लाल ठिपका

वैद्याने कॉफीच्या दुकानासाठी संगीत निवडायला बेचाळीस दिवस घेतले. त्यातले एकतीस दिवस मी त्याच्या शेजारी बसलो होतो. कुठेही अंगचोरी झाली नाही. तरी काम चुकलं, आणि त्या चुकीत अर्धा वाटा माझा आहे. म्हणून हे लिहितोय.

वैद्य हे त्याचं आडनाव नव्हतं. आम्ही दोघं खिळ्यांच्या कारखान्यात होतो. तो फिटर, मी मशीनवर. खिळ्याचं मशीन दिसायला साधं. एका अंगाने तार आत जाते, चिमट्यात धरली जाते, समोरून हातोडा बसून डोकं तयार होतं, मागून कातर टोक काढते, खिळा खालच्या पेटीत पडतो. मिनिटाला अडीचशे. अशी बावीस मशीनं एका पत्र्याच्या छपराखाली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाटायचं, छप्परच कोसळतंय. महिन्या-दोन महिन्यांनी काही वाटेनासं व्हायचं. त्याला आम्ही सवय म्हणायचो.

मशीन बिघडायच्या आधी वैद्याला कळायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो मशीनच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचा आणि डोळे मिटायचा. "डावीकडचं बेअरिंग. चार दिवस आहेत त्याचे." चौथ्या दिवशी बेअरिंग जायचं. नाडी बघतो म्हणून वैद्य. खरं नाव फक्त पगाराच्या कारकुनाला माहीत असावं.

त्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता, घसा तेवढा जायचा. म्हणून आम्ही नुसते ओठ हलवून बोलायचो. दहा मशीनं पलीकडचा माणूस काय म्हणतो ते स्वच्छ कळायचं. घरची भांडणं, पोरांचे मार्क, सुपरवायझरला शिव्या, सगळं असंच. सुपरवायझर पाठ करून उभा असला की त्याच्या पाठीवर काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारखान्यातल्या दोन रीती सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली अशी. फिटरने मशीन लावून दिलं की तो मशीनवाल्याकडे बघून ओठ हलवणार, "बरोबर?" मशीनवाल्याने ऐकायचं, बघायचं आणि मगच उत्तर द्यायचं. घाई करायची नाही. एकाने जेवायची सुट्टी चुकू नये म्हणून न ऐकताच "बरोबर" म्हटलं होतं. साचा फुटला, तुकडा त्याच्या गालात गेला. तो खड्डा मरेपर्यंत गेला नाही. वैद्याने मला चाळीस वर्षं विचारलं आणि मी चाळीस वर्षं खरं सांगितलं.

दुसरी रीत लाल ठिपक्याची. "बरोबर" मिळालं की फिटर त्या नटावर लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा मशीनच्या अंगावर. नट कुणी हलवला तर दोन अर्धे जुळत नाहीत, चोरी लगेच कळते. ठिपका असलेल्या नटाला फिटरशिवाय कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरनेही नाही.

वैद्याने हे ठिपके घरीही नेले. बायकोच्या शिवणयंत्राच्या दोऱ्याच्या चकतीवर ठिपका. पंख्याच्या बटणावर ठिपका. भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकावरसुद्धा. वहिनी म्हणायच्या, "माझ्या कपाळावर तेवढा द्यायचा राहिलाय, म्हणजे मीही हलायची नाही." त्या हलल्याच. दुकान निघायच्या दोन वर्षं आधी, आठ दिवसांच्या आजारात.

त्यानंतर वैद्य बसला. म्हणजे खरोखर बसला, एका खुर्चीवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दाढी वाढली. ताट समोर आलं तर जेवायचा, नाही आलं तर मागायचा नाही. मी जाऊन शेजारी बसायचो. काय बोलणार? ज्याच्या हाताला काम नाही अशा माणसाशी बोलायला मला कधीच जमलं नाही.

त्याची एकुलती एक लेक. लहानपणी सारखी चिवचिवायची म्हणून आम्ही सगळे तिला चिमणी म्हणायचो. आता चाळिशीला आली तरी चिमणीच. लग्न मोडून घरी आलेली, पंधरा वर्षं एका कचेरीत मान मोडून काम केलेली. ती कचेरी तिने सोडली आणि राहत्या घराच्या खालची कोपऱ्यावरची खोली कॉफीच्या दुकानासाठी घेतली. आधी तिथे वह्या-पेनांचं दुकान होतं. होतं नव्हतं ते तिने त्यात घातलं. मला म्हणाली, "काका, हे चाललं तर आम्ही दोघं उभे राहिलो. नाही चाललं तर वरचं घरही सोडावं लागेल."

आणि बापाला म्हणाली, "बाबा, दुकानात संगीत लागेल. मागे हळू वाजणारं. ते तुम्ही निवडा. तुमच्या कानासारखा कान कुणाचा आहे?"

वैद्याने तिच्याकडे बघितलं. मग विचारलं, "कपबशा किती आहेत?"

"त्याचा काय संबंध?"

"त्या वाजतात ना."

दुसऱ्या दिवशी त्याची दाढी केलेली होती.

त्याने जे केलं ते कुणी पगार घेऊनही करत नाही. आधी रिकाम्या खोलीत बसून रस्त्याचा आवाज टिपला. केव्हा गाड्या जातात, केव्हा शाळा सुटते. मग कॉफी दळायच्या यंत्राचा आवाज, दुधात वाफ सोडायच्या नळीचा आवाज. जाड पुठ्ठ्याची एक वही केली. रकाने आखले: वेळ, वाजवणं, टेबल, शेरा. चिमणी पेन ड्राइव्हवर वेगवेगळं संगीत आणून द्यायची, एका वेळी पन्नास-पन्नास तुकडे. वैद्य प्रत्येक तुकडा पाचही टेबलांवर बसून ऐकायचा. पाचवं टेबल डुगडुगत होतं, सुताराने एक पाय आखूड केला होता. वैद्याने सुताराला परत बोलावलं. "संगीताचं नंतर. आधी पाय सारखे कर."

शब्दांचं गाणं त्याने पहिल्याच दिवशी बाद केलं. "शब्द आले की माणूस ऐकत बसतो. ऐकत बसला की कॉफी गार. कॉफी गार झाली की शिव्या कॉफीला."

ढोलकं, तबला, जे काही ठोकायचं ते बाद. "आयुष्यभर ठोकलंच की."

उरलं व्हायोलिन, बासरी, गिटार, पियानो. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक असं नाही. प्रत्येक तासाला वेगळं. मी विचारलं, "इतकं कोण बघतंय, लेका?"

"कुणी बघू नये म्हणूनच. चालत्या मशीनबद्दल कुणी बोलतं का? बंद पडलं की बोलतात. याचंही तसंच. गिऱ्हाईक संगीताबद्दल काहीच बोललं नाही की समज, बरोबर आहे."

हे मला पटलं. अजूनही पटतं.

आता चुकीची जागा. पियानो ऐकताना त्याच्या कपाळाला आठी पडायची. "उजव्या हाताचं पुसट येतंय. खालचं सगळं येतं, वरचं येत नाही. रेकॉर्डिंगच तसलं आहे." मलाही तसंच ऐकू येत होतं. व्हायोलिनचंही तेच. जाड सूर स्वच्छ, बारीक सूर भिंतीपलीकडे. अ‍ॅम्प्लिफायरला दोन बटणं होती, एक आवाजाचं, एक बारीक सुरांचं. त्याने बारीक सुरांचं बटण पुढे केलं. माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले, "बरोबर?"

मी ऐकलं. घाई केली नाही. म्हणालो, "अजून थोडं."

त्याने अजून फिरवलं.

"अजून थोडं. आणि आवाजही जरा."

शेवटी बारीक सूर आला. स्वच्छ, नव्या तारेसारखा. मी म्हणालो, "बरोबर." मी खोटं बोललो नव्हतो. मला जे ऐकू आलं तेच सांगितलं.

आम्ही बहिरे होतो हे आम्हाला माहीत नव्हतं. बहिरा म्हणजे ज्याला काही ऐकू येत नाही तो, असं आम्ही समजायचो. आम्हाला मोटारीचा हॉर्न ऐकू यायचा, दार वाजलेलं ऐकू यायचं. माणसाचं बोलणं तोंडाकडे बघून कळायचं, तेव्हा कान किती ऐकतो आणि डोळा किती, हा हिशेब कोण करणार? पक्ष्यांचं ओरडणं कधी बंद झालं ते आठवत नाही. पक्षी कमी झाले असतील असं वाटलं होतं. तिसऱ्या कुणाला तरी बोलावून ऐकवावं, हे आमच्या डोक्यात आलंच नाही. फिटरने लावायचं, मशीनवाल्याने सांगायचं. तिसरा माणूस त्या रीतीत नव्हताच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वैद्याने कारखान्यातून आणलेली लाल रंगाची डबी काढली. रंग वाळून खरवड झाला होता. टर्पेंटाइन घालून तो अर्धा तास ढवळला आणि काडीने दोन्ही बटणांवर ठिपके दिले, अर्धा बटणावर, अर्धा पत्र्यावर. "झालं," म्हणाला. वहिनी गेल्यानंतर त्याला समाधानाने जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पहिल्या दिवशी ओळखीचे सगळे आले. माझी बायकोही आली. कॉफीचे दोन घोट घेतले न घेतले तोच उठली. "घरी दूध उघडं राहिलंय." चिमणी काउंटरमागे उभी होती. तिचा चेहरा दगदगीने उतरलाय असं मला वाटलं.

पुढच्या दिवसांत लोक येत होते. कॉफी घेत होते आणि कप घेऊन बाहेर पायरीवर जाऊन उभे राहत होते. काही जण दारातूनच परत फिरायचे. वैद्य कोपऱ्यातल्या टेबलाशी वही घेऊन बसायचा. "टेबल तीन, पाच मिनिटं." "टेबल एक, कप अर्धा टाकला." मधूनच उठून टेबलाला स्क्रू ड्रायव्हर लावून बघायचा. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आजोबा, टेबलाला ताप आहे का?"

"आहे. तुम्ही कोपर काढलंत की उतरेल."

तो माणूस हसला. दहा मिनिटांनी तोही गेला.

वैद्याने तुकडे बदलले. सकाळचं दुपारी, दुपारचं सकाळी. रोज पहाटे उठून नवी यादी करायचा. बटणांचा त्याला संशय आला नाही. कसा येणार? त्यांच्यावर ठिपका होता आणि ठिपक्याखाली माझं "बरोबर" होतं.

तिसऱ्या आठवड्यात दोन बायका दुसऱ्या टेबलावर बसल्या होत्या. वैद्याची मान वहीत होती. एक बाई दोन्ही हातांनी कपाळ दाबून दुसरीला म्हणाली, "डोक्यात खिळे ठोकल्यासारखं वाटतंय गं." मला आवाज आला नाही. मी ओठ वाचले. खिळे हा शब्द तर मी चाळीस वर्षं वाचलाय. चुकणं शक्य नव्हतं.

वैद्याने वर बघून मला विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

घरी जाऊन बायकोला विचारलं, "त्या दिवशी दूध खरंच उघडं होतं?"

ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली. मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "तव्याच्या कडेवर कुणी चमचा ओढत बसलंय असं वाटत होतं. दात आंबले माझे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही दोघं समाधीत माना डोलावत होता. अहो, बहिऱ्याने बहिऱ्याला साक्षीला उभं केलं, तिथे न्याय कुठून मिळायचा?"

"मी बहिरा?"

"मागच्या वर्षभरात टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून शेजाऱ्यांनी चार वेळा दार वाजवलं. चारही वेळा मीच उघडलं."

दुसऱ्या दिवशी अकराला मी दुकानात गेलो. अकरा ते बारा वैद्य फिरायला जायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून अगदी घड्याळ लावून. दुकान भरलेलं होतं. पाच टेबलं, पाचही भरलेली. कोपऱ्यात शाळेतल्या एक बाई वह्या तपासत बसल्या होत्या, गठ्ठा पुढ्यात घेऊन, कुठे जायची घाई नसल्यासारख्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी अ‍ॅम्प्लिफायरकडे बघितलं. दोन्ही बटणांवरचे ठिपके तुटलेले होते. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

चिमणीने माझी नजर बघितली. मला आत बोलावलं, कपबशा धुवायच्या जागेत.

"काका, त्यांना सांगू नका. ते गेले की मी कमी करते, यायच्या आधी परत ठिपक्यावर आणते. या एका तासात लोक बसतात. दिवसभरात तेवढाच."

"पण मग त्यालाच सांग ना, पोरी."

"काय सांगू? बाबा, तुमचा कान गेला? आई गेली, कारखाना गेला, आता कानही गेला? दोन वर्षांनी माणूस दाढी करायला लागलाय, काका." मग एक कप विसळत म्हणाली, "मी आठ वर्षांची असताना आईच्या शिवणयंत्राची चकती फिरवली होती. ठिपका होता तिच्यावर. ते रागावले नाहीत. जेवण टाकून तासभर चकती परत लावत बसले. एक शब्द नाही. त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी ठिपक्याला हात लावला नाही. आता रोज लावते."

"असं किती दिवस चालणार?"

"एका तासावर दुकान किती दिवस चालतं? उन्हाळ्यापर्यंत, फार तर."

मी तिला शब्द दिला. तो द्यायला नको होता. साचा फुटणार हे दिसत असताना मशीन बंद करायचं असतं. मी केलं नाही. रोज वैद्याच्या शेजारी बसलो, रोज त्याने लिहिलेलं वाचलं आणि गप्प राहिलो. आयुष्यात मी इतकं हलकं काम कधी केलं नव्हतं.

अकरा ते बारा वही चिमणी भरायची. तिने ती खरी भरली. "टेबल चार, पन्नास मिनिटं." "टेबल पाच, एक तास, दुसरी कॉफी मागितली." वैद्याने ते रकाने पुन्हा पुन्हा वाचले आणि एका सकाळी मला म्हणाला, "सापडलं. अकराचं वाजवणं. ती बासरी आणि मग गिटार. तेवढ्या एका तासाला लोक बसतात. बाकीचं माझं चुकत होतं. आजपासून दिवसभर हेच. आणि आज फिरणं बंद. मला ते बसलेले डोळ्यांनी बघायचेत."

त्याचा चेहरा असा होता की मला त्याच्याकडे बघवेना. कारखान्यात एखाद्या मशीनचं दुखणं तीन दिवसांनी सापडलं की असा चेहरा व्हायचा.

मी चिमणीला गाठायला उठलो. तो म्हणाला, "बस रे, कुठे निघालास? आता तर सुरू होईल."

अकरा वाजले. लोक आले. दारात थबकले. दोघं आत आले, एकमेकांकडे बघितलं, कप घेऊन पायरीवर गेले. तिसऱ्या टेबलावरचा माणूस सात मिनिटांत उठला. वैद्य लिहीत होता. पेन्सिल जोरात टेकत होती, कागद फाटेल इतकी. बासरी ठरल्याप्रमाणे सुरू होती. त्याने एकदा घड्याळ बघितलं, एकदा यादी. बरोबर तीच यादी, तोच तास.

सव्वाअकराला वह्यावाल्या बाई आल्या. गठ्ठा ठेवला, बसल्या. वैद्याने वहीतून डोळे तेवढे वर केले. मग खांदे वर घेतले, गार पाणी अंगावर पडावं तसे. त्यांनी काउंटरकडे बघितलं. म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "आज कमी नाही करणार?"

चिमणीनेही आवाज काढला नाही. नुसते ओठ. "आज बाबा बसलेत."

बाईंनी मान हलवली. "रोज त्यांना कळत कसं नाही?"

"ऐकू येत नाही त्यांना. सांगवत नाही हो."

जगातल्या कुणापासूनही ते बोलणं लपलं असतं. आमच्यापासून नाही. तसंच बोलणं तेवढं आम्हाला पुरतं ऐकू येतं.

वैद्याची पेन्सिल थांबली. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याच्या ओठांनी विचारलं, आवाजाशिवाय, "तू बघितलंस?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"महिना होईल."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. बासरी चालू होती. मला ती फार गोड वाटत होती, हे लाज वाटते तरी लिहितो.

तो उठला. अ‍ॅम्प्लिफायरजवळ गेला. ठिपके बघितले. जुळलेले होते, पण रोज फिरवल्याने रंगाच्या कडा झिजल्या होत्या. फिटरला तेवढं पुरतं. अंगठ्याच्या नखाने त्याने दोन्ही ठिपके खरवडून काढले. वेळ लागला. दुकानातले सगळे बघत होते.

"चिमणे, इकडे ये. फिरव."

"बाबा..."

"लोकांना बसवेल तिथे आण. घाई करू नकोस."

तिने फिरवलं. डोळे भरलेले होते, हात नीट चालत होता. बापाचाच हात. बारीक सुरांचं बटण खूप मागे आलं, मग आवाजाचं. माझ्यापुरतं दुकान शांत झालं. वैद्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून स्पीकरच्या लाकडाला टेकवला, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"चालू आहे?"

"चालू आहे, बाबा."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. वह्यावाल्या बाईंकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "बरोबर?"

बाई गोंधळल्या. मग त्यांनी वह्या खाली ठेवल्या, नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, आजोबा. छान आहे. निवडलंय कुणी?"

वैद्य जिन्याकडे वळला. वर जाऊन लाल रंगाची डबी आणली, टर्पेंटाइन घातलं, ढवळलं आणि नव्या जागी ठिपके दिले. वहीत शेवटची ओळ लिहिली: "सर्व तास. आवाज मुलीने लावला." वही मिटली. ती नंतर उघडलेली मी पाहिली नाही.

पुढे चिमणी त्याला कान तपासायला घेऊन गेली. मीही गेलो. यंत्रं मिळाली. ती लावली की कपबशी आधी ऐकू येते, माणूस नंतर, आणि संगीत पत्र्याच्या डब्यात घातल्यासारखं. वैद्याने आठ दिवस इमानाने लावलं. मग काढून खणात ठेवलं. माझंही माझ्या खणात आहे.

दुकान चालतंय. उन्हाळा गेला, पाचही टेबलं भरतात. वाजतं ते सगळं वैद्याने निवडलेलं, एक तुकडाही बदललेला नाही. चिमणी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगते. तो रोज सकाळी खाली येतो, पेन ड्राइव्ह लावतो, हिरवा दिवा बघतो. "लागलं?" ती मान हलवते. मग तो कोपऱ्यात बसतो, आता भिंतीकडे तोंड करून, म्हणजे कुणाचे ओठ दिसू नयेत. दाढी पुन्हा दोन-दोन दिवस राहते.

मी समोर बसतो. माझं तोंड दुकानाकडे असतं. पहिले दोन महिने तो माझ्याशी बोललाच नाही. नंतर एकदा, कॉफी संपवताना, भिंतीवरची नजर न काढता त्याने विचारलं, "काय म्हणतात लोक?"

मी पाचही टेबलं वाचली. घाई केली नाही. "एकीच्या मुलाला खोकला आहे. एकजण घर बदलतोय. ती दोघं भांडतायत, पण हसत. बाई वह्याच तपासतायत."

"संगीताबद्दल?"

"कुणी काही बोलत नाही."

त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, नीट, खरं बोलतोय की नाही ते तपासत. पूर्वी हे त्याला कधी तपासावं लागलं नव्हतं.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.